तेच क्रोम, तोच लॅपटॉप, मग वेग वेगळा का?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि नाशकातल्या जुन्या लॅपटॉपांची वाटणी झाली. ज्यांचं मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत होतं ते तिकडे गेले, ज्यांना परवडलं त्यांनी नवं घेतलं, काही जण अजून 10 वरच रेटतायत. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणाऱ्या काही पोरांनी मात्र एखाद्या जाणत्या मित्राला गाठलं आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. त्यामुळे पूर्वी फक्त हौशी मंडळींना पडणारा प्रश्न आता सर्रास कानावर येतो. "दादा, लिनक्सवर मशीन एकदम हलकं झालं, टॅब पटापट उघडतात, पण यूट्यूबला लेक्चर लावलं की पंखा बोंबलायला लागतो. विंडोजवर असं होत नव्हतं. क्रोम तर तेच आहे ना?"

तक्रार उलट बाजूनेही येते. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका ऑफिसात चांगला नवाकोरा विंडोजचा पीसी आहे, पण सकाळी पहिल्यांदा ब्राउझर उघडताना तो जो वेळ घेतो, त्यापेक्षा साहेबांच्या भाच्याचं लिनक्सवालं जुनं मशीन लवकर तयार होतं. साहेबांना वाटतं, आपल्याला दुकानदाराने फसवलं.

फसवाफसवी काही नाही. दोघंही खरं सांगतायत. "लिनक्स फास्ट" आणि "विंडोज फास्ट" ही दोन्ही वाक्यं एकाच लॅपटॉपवर, एकाच दिवशी खरी ठरू शकतात. ब्राउझर कितीतरी कामं करतो, त्यातली काही स्वतः करतो आणि बरीचशी ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो. फरक पडतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या कामांत.

स्वतःची कामं म्हणजे इंजिनाची. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्या पोटात ब्लिंक नावाचं इंजिन आहे, फायरफॉक्समध्ये गेको, सफारीत वेबकिट. पानाचा कोड वाचायचा, कोणता मजकूर कुठे बसेल त्याचा हिशोब करायचा, जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारा कोड, चालवायची, हे सगळं इंजिन करतं. हे निव्वळ गणित आहे आणि ते प्रोसेसरवर चालतं. विंडोज असो की लिनक्स, क्रोमचं इंजिन त्याच मूळ कोडमधून बनतं, म्हणून या कामाच्या वेगात एकाच लॅपटॉपवर सहसा जमीन-अस्मानाचा फरक दिसत नाही.

पण ब्राउझर हा शेवटी भाडेकरू. संसार त्याचा, नळाला पाणी कधी येणार आणि लिफ्ट चालू की बंद हे मात्र घरमालकाच्या हातात. पंचवटीतल्या वाड्यातून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेलं कुटुंब तेच असतं, सकाळची धावपळ बदलते. ब्राउझरला मेमरी हवी, फायली हव्यात, पडद्यावर चित्र उमटवायचं असतं, व्हिडिओ उलगडायचा असतो, फॉन्ट शोधायचे असतात, घड्याळ विचारायचं असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याला सिस्टिमच्या दारात जावं लागतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्ही सिस्टिमची दारं वेगळ्या पद्धतीने उघडतात.

पंख्याचं कोडं आधी सोडवू, कारण तेच सगळ्यात जास्त लोकांना छळतं.

1080पी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळजवळ 21 लाख ठिपके असतात. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला सहा कोटींहून जास्त ठिपके तयार व्हायला हवेत. इंटरनेटवरून ते असे सुटे येत नाहीत. घट्ट आवळून, दाबून येतात, आणि तो दाबलेला व्हिडिओ उलगडण्याला डिकोडिंग म्हणतात. हे काम प्रोसेसर करू शकतो, पण घाम गाळून. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी वेगळा भाग बसवलेला असतो. तो तेच काम फार कमी विजेत उरकतो.

आता हा भाग चिपमध्ये आहे म्हणून ब्राउझरला तो वापरता येतोच असं नाही. मधे सिस्टिम आणि ड्रायव्हर (सिस्टिम आणि चिप यांची बोलणी करून देणारा प्रोग्रॅम) आहेत. विंडोजमध्ये डायरेक्टएक्सच्या कुटुंबातला ठरलेला मार्ग आहे आणि चिप बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या तो सांभाळतात, कारण त्यांचा बहुतेक धंदा विंडोजवर आहे. मॅकवर व्हिडिओ टूलबॉक्स नावाची ॲपलची व्यवस्था आहे, आणि तिथे तर चिपच्या निवडीपासून सगळं एकाच कंपनीच्या हातात. लिनक्सवर इंटेल आणि एएमडीसाठी व्हीए-एपीआय नावाचा मार्ग, एनव्हिडियाचा आणखी वेगळा. चिपची पिढी, ड्रायव्हरची आवृत्ती, डिस्ट्रो (मिंट, उबुंटू असा लिनक्सचा अवतार) आणि पडद्याची व्यवस्था यांच्या इतक्या जोड्या होतात की ब्राउझर बनवणाऱ्यांनी हात राखून वागणं पसंत केलं. लिनक्सवरच्या क्रोममध्ये हार्डवेअर डिकोडिंग अनेक वर्षं आपोआप चालू होत नसे. फायरफॉक्सने इंटेल चिपवाल्या लिनक्स मशीनसाठी ते आपणहून चालू केलं, ते 115 व्या आवृत्तीत, जुलै 2023 मध्ये.

त्यात पेटंटचं झेंगट. एच-264 हा व्हिडिओचा प्रकार सगळीकडे चालतो, पण त्यावर पेटंट आहेत. 2022 मध्ये फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने कायदेशीर कारणासाठी आपल्या ग्राफिक्स पॅकेजमधून त्याचं हार्डवेअर डिकोडिंग काढूनच टाकलं. चिप शाबूत, ड्रायव्हर शाबूत, फक्त मधलं दार बंद. असं झालं की बिचाऱ्या वापरणाऱ्याला वाटतं लिनक्सच जड आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विंडोजमध्ये एक लेक्चर लावा आणि टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, जा. तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा छोटा आलेख असतो. सगळं ठीक असेल तर सीपीयूची (प्रोसेसरची) रेघ तळाशी लोळत असते आणि या आलेखात मधल्या उंचीवर एक डोंगररांग सरकत राहते. तोच लॅपटॉप लिनक्समध्ये सुरू करून तेच लेक्चर लावा, आणि चिप इंटेलची असेल तर टर्मिनलमध्ये intel_gpu_top ही आज्ञा चालवा. व्हिडिओच्या ओळीपुढे शून्य दिसलं आणि प्रोसेसरचे चारही कोर धापा टाकत असतील, तर पंखा का बोंबलतोय ते समोरच आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती दोन्ही सिस्टिमवर येते. यूट्यूब क्रोमला आणि फायरफॉक्सला बरेचदा व्हीपी-9 किंवा एव्ही-1 प्रकारचा व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून चिपला व्हीपी-9 पूर्णपणे झेपतो, एव्ही-1 मात्र अकराव्या पिढीपासून. त्यापेक्षा जुन्या चिपवर एव्ही-1 आला की विंडोजही प्रोसेसरलाच कामाला लावणार. यूट्यूबला एच-264 च पाठवायला भाग पाडणारी छोटी एक्स्टेन्शन्स मिळतात. सहाव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या लॅपटॉपवर मी आधी ती टाकून बघायला सांगतो, सिस्टिम बदलण्याच्या उठाठेवी नंतर.

व्हिडिओनंतर पडदा. पान स्क्रोल करताना, मेनू सरकताना, नकाशा मोठा करताना ब्राउझर चित्र तयार करायला ग्राफिक्स चिपची मदत घेतो. विंडोजवर तिची भाषा डायरेक्ट3डी, मॅकवर मेटल, लिनक्सवर ओपनजीएल किंवा व्हल्कन. वेबसाइटवरचं त्रिमितीय चित्र वेबजीएल या एकाच भाषेत लिहिलेलं असतं, म्हणून क्रोममध्ये ते प्रत्येक सिस्टिमच्या भाषेत बदलून देणारा अँगल नावाचा एक दुभाषी बसवला आहे. दुभाषी हुशार आहे, पण समोरचा ड्रायव्हर बरा नसेल तर त्याचंही काही चालत नाही.

ड्रायव्हर बिघडलेला असला की ब्राउझर कोसळतो आणि शिव्या ब्राउझरला बसतात. म्हणून सगळ्या ब्राउझरांनी काळ्या याद्या ठेवल्या आहेत. अमुक चिप, तमुक आवृत्तीचा ड्रायव्हर दिसला की ग्राफिक्सची मदत घ्यायची नाही, सगळं प्रोसेसरवर काढायचं. हे होताना कुठलीही खिडकी उघडून तुम्हाला कळवत नाहीत. पान फक्त अडखळत सरकतं. कित्येक "स्लो" मशीनचं दुखणं एवढंच असतं, आणि ड्रायव्हर अपडेट केला की ते बरं होतं. विंडोजवर ड्रायव्हर निर्मात्याच्या साइटवरून मिळतो, लिनक्सवर तो बहुतेक कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मेसा या ग्राफिक्सच्या पॅकेजबरोबर येतो. म्हणून अगदी नवा लॅपटॉप आणि जुनी लिनक्स आवृत्ती ही जोडी सहसा सुखाने नांदत नाही. जुना लॅपटॉप आणि नवी आवृत्ती मात्र छान जमते.

मॅकवरचं एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात सिस्टिमशी नीट जुळवून न घेतल्याची किंमत स्पष्ट दिसते. मॅकवर फायरफॉक्स बॅटरी खातं अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. कारण असं, की फायरफॉक्स स्वतःची अख्खी खिडकी एकच चित्र म्हणून सिस्टिमला देत असे. पानात नुसता कर्सर लुकलुकला, एवढासा लोडिंगचा गोल फिरला, तरी मॅकला कळायला मार्ग नसे की बदल तेवढ्याच जागी झालाय. तो पूर्ण खिडकी पुन्हा जुळवत बसे. सफारी मात्र ॲपलच्या कोअर ॲनिमेशन या व्यवस्थेतून तुकडे-तुकडे देत असल्याने फक्त बदललेला तुकडा हलवला जाई. ऑक्टोबर 2019 मध्ये फायरफॉक्सच्या 70 व्या आवृत्तीने हीच व्यवस्था स्वीकारली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तेव्हा सांगितलेले आकडे असे: पानं 22 टक्क्यांपर्यंत लवकर उघडू लागली आणि व्हिडिओसाठी लागणारी संसाधनं 37 टक्क्यांपर्यंत घटली. इंजिन बदललं नव्हतं. फक्त सिस्टिमच्या दारात जाण्याची रीत बदलली.

नाव एक आणि आतलं सामान वेगळं, हा प्रकारही आहेच. क्रोम 2 सप्टेंबर 2008 ला आलं ते फक्त विंडोजसाठी, मॅक आणि लिनक्सवर त्याची स्थिर आवृत्ती मे 2010 मध्ये आली. आज कोड एकच असला तरी तो प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा बांधावा लागतो, आणि बांधणारा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, कोणता, कोणत्या सवलती चालू, यावर वेग ठरतो. एक युक्ती अशी आहे: ब्राउझर आधी खऱ्या वापरासारखा चालवून बघायचा, कोडचे कोणते भाग सतत लागतात त्याची नोंद करायची आणि ती नोंद समोर ठेवून पुन्हा बांधायचा. ऑगस्ट 2020 मध्ये क्रोम 85 ने ही युक्ती आपल्या नव्या कंपायलरवर मॅक आणि विंडोजसाठी आधी वापरली, आणि पानं 10 टक्क्यांपर्यंत लवकर उघडतात असं गुगलने सांगितलं. लिनक्सचा नंबर तेव्हा लागला नाही. ज्या सिस्टिमवर गिऱ्हाईक जास्त तिथे आधी काम, हा व्यवहार आहे, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

लिनक्सवर आणखी एक घोळ. फायरफॉक्स मोझिलाकडून घेतलं, डिस्ट्रोने स्वतः बांधलेलं घेतलं की स्नॅपमधून घेतलं, यावर ते किती पटकन उघडेल हे बदलतं. एप्रिल 2022 च्या उबुंटू 22.04 पासून उबुंटूकडून फायरफॉक्स फक्त स्नॅप स्वरूपात मिळू लागलं. स्नॅप म्हणजे दाबून बंद केलेलं पाकीट, पहिल्यांदा उघडताना ते सोडवावं लागतं. त्यामुळे मशीन सुरू केल्यावरचं पहिलं उघडणं रेंगाळायचं. पुढे त्यात बरीच सुधारणा झाली, पण "लिनक्सवर फायरफॉक्स स्लो" ही ख्याती चिकटली ती चिकटलीच. मिंट स्वतः डेब, म्हणजे साधं न दाबलेल्या पाकिटासारखं बसवायचं पॅकेज देतं, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

आयफोनवर तर कमालच. तिथे क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, आत इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं, तसा ॲपलचा नियमच आहे. मार्च 2024 मध्ये आयओएस 17.4 पासून युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणून नाशकात बसून कुणी "आयफोनवर क्रोम सफारीपेक्षा फास्ट" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

मेमरीकडे वळतो. इथे तिन्ही सिस्टिमचे स्वभाव स्पष्ट वेगळे दिसतात.

ब्राउझर मेमरी मागतो तेव्हा लगेच ती सगळी वापरतो असं नाही. मागून ठेवतो, पुढे लागेल म्हणून. विंडोज याबाबत चोख सावकार: जेवढं कबूल केलं तेवढं रॅम आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची राखीव जागा) मिळून खरोखर देता आलं पाहिजे, नाहीतर सरळ नकार. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर कमिटेड असं लिहिलेलं असतं आणि पुढे 11.2/11.9 असे दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याला भिडला की वर रॅम मोकळी दिसत असली तरी ब्राउझर कोसळू शकतो. लिनक्स उदार आहे, मागेल तेवढं कबूल करून बसतो. सगळेच एकदम वसुलीला आले की मग त्याची पंचाईत होते. मशीन आधी गोठतं, मग कर्नल कुणालातरी बळी देतो, आणि तो बळी बहुतेक वेळा तुमचा सगळ्यात जड टॅब असतो. मॅकने 2013 पासून वापरात नसलेली मेमरी दाबून ठेवण्याची सोय केली. विंडोज 10 मध्येही ती आली. लिनक्समध्ये झेडरॅम नावाने ती आहे, पण काही डिस्ट्रोंमध्येच आपोआप चालू असते. मिंटवर 4 जीबीचं मशीन चालवत असाल तर झेडरॅम चालू करून घ्या, टॅबांची तब्येत लगेच सुधारते.

विंडोजच्या या चोखपणावर फायरफॉक्सने 2022 मध्ये काढलेला तोडगा गमतीशीर आहे. मेमरीला नकार मिळाला की लगेच कोसळायचं नाही, क्षणभर थांबायचं आणि पुन्हा मागायचं. तेवढ्या वेळात विंडोज पेजफाइल वाढवतो आणि मग देतो. 105 व्या आवृत्तीत ही सुधारणा गेली आणि मेमरी संपून मुख्य ब्राउझर कोसळण्याचे प्रकार 70 टक्क्यांहून जास्त कमी झाले. एसएसडी झिजते म्हणून पेजफाइल बंदच करून टाका असा सल्ला देणारे तज्ज्ञ अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

ऑफिसातल्या साहेबांचा पीसी सकाळी का रेंगाळतो, त्याचं उत्तर बहुधा फायलींत आणि पहारेकऱ्यात आहे. ब्राउझर सुरू होतो म्हणजे शेकडो छोट्या फायली वाचल्या जातात: जुनी कॅश, इतिहास, एक्स्टेन्शन्स. विंडोजवर यातली प्रत्येक फाइल उघडताना अँटिव्हायरस मधे डोकावतो. ऑफिसांत बरेचदा विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरच्या जागी एखादा विकतचा अँटिव्हायरस बसवलेला असतो, मग डोकावण्याचं काम तो करतो. शिवाय आधुनिक ब्राउझर प्रत्येक साइटसाठी वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) काढतो आणि विंडोजवर नवी प्रोसेस काढणं लिनक्सपेक्षा महाग पडतं. लिनक्सवर क्रोम एक तयार प्रोसेस बाजूला ठेवतो आणि गरज पडली की तिची नक्कल काढतो, विंडोजवर ती सोय नाही. भाच्याचं जुनं मशीन पुढे निघतं ते या वळणावर. एज विंडोजवर झटकन उघडतं तेही निव्वळ गुणवत्तेवर नव्हे. 2021 पासून त्यात स्टार्टअप बूस्ट आहे, म्हणजे तुम्ही मशीन सुरू केलं की एज पडद्यामागे अर्धं उघडून बसलेलंच असतं.

पहारेकऱ्याचा एक किस्सा सांगतो, कारण एकाच सिस्टिमवर एकाच ब्राउझरला त्रास का व्हावा हे त्यातून नीट कळतं. विंडोजवर फायरफॉक्स वापरताना डिफेंडरची प्रोसेस फार सीपीयू खाते, अशी तक्रार 2018 मध्ये मोझिलाकडे नोंदवली गेली. क्रोमला एवढा त्रास नव्हता. मॅक आणि लिनक्सवर प्रश्नच नव्हता. मूळ सापडायला पाच वर्षं गेली. जावास्क्रिप्ट वेगात चालावी म्हणून ब्राउझर तिचं चालता चालता मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. हा नवा कोड आधी मेमरीत लिहायचा, मग चालवायचा. सुरक्षेचा नियम असा की मेमरीचा तुकडा एका वेळी एकतर लिहिता येईल किंवा चालवता येईल, दोन्ही नाही. मग दर वेळी विंडोजला सांगायचं, आता हा तुकडा लिहिण्याचा, आता हा चालवण्याचा. फायरफॉक्स असं सांगणं फार वेळा करत होतं, आणि डिफेंडर त्या प्रत्येक सांगण्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त हिशोब करत बसत होता. 2023 च्या वसंतात मायक्रोसॉफ्टने डिफेंडरचं इंजिन दुरुस्त केलं आणि फायरफॉक्स चालू असताना डिफेंडरला लागणारा सीपीयू सुमारे 75 टक्क्यांनी उतरला. या पाच वर्षांत ज्यांनी फायरफॉक्स जड म्हणून सोडलं, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. निदान चुकीचं होतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. विंडोजचं घड्याळ एरवी 15.6 मिलिसेकंदांनी टिकटिक करतं, म्हणजे सेकंदाला 64 वेळा. ब्राउझरला गुळगुळीत हालचालीसाठी बारीक वेळ लागतो, तेव्हा तो ते 1 मिलिसेकंदावर आणायला सांगू शकतो. मग प्रोसेसर सेकंदाला हजारदा जागा होतो आणि त्याला धड झोपच लागत नाही. क्रोमने पूर्वी ही सवलत नको तितकी वापरली आणि बदनामी ओढवून घेतली, नंतर सुधारलं. मॅकवर सफारीची बॅटरी टिकते यात जादू नाही. चिप, सिस्टिम आणि ब्राउझर एकाच घरातले असल्यावर मागे पडलेल्या टॅबला कमी ताकदीच्या कोरवर ढकलणं सोपं जातं. इतरांना तेच परवानगी मागून करावं लागतं.

मराठी वाचणाऱ्यांसाठी फॉन्टचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. क्ष, ज्ञ, र्‍या, अशी जोडाक्षरं जुळवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही हार्फबझ या एकाच लायब्ररीकडून करून घेतात, सगळ्या सिस्टिमवर. म्हणजे ते काम सारखंच. पण साइटने मागितलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर सिस्टिमला विचारतो की हे अक्षर कुणाकडे आहे. विंडोज निर्मला किंवा मंगल देतो, मॅक कोहिनूर, लिनक्स लोहित किंवा नोटो. आणि ही शोधाशोध फॉन्टच्या संख्येवर अवलंबून असते. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जाऊन बघा, त्याच्या मशीनवर इतके फॉन्ट कोंबलेले असतात की एखादं मराठी बातम्यांचं पान पहिल्यांदा उघडताना अक्षरं क्षणभर उशिरा उमटतात. रॅम वाढवून यात काही फरक पडत नाही. नको असलेले फॉन्ट काढले की पडतो.

आपल्या मशीनचं दुखणं कुठलं हे शोधायला फार ज्ञान लागत नाही. क्रोमच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू टाइप करा. पहिलीच यादी ग्राफिक्सची असते. व्हिडिओ डिकोडपुढे हार्डवेअर ॲक्सिलरेटेड आहे की सॉफ्टवेअर ओन्ली, एवढं वाचा. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट टाइप करा आणि कंपोझिटिंगची ओळ शोधा. नुसतं वेबरेंडर असेल तर ठीक, पुढे कंसात सॉफ्टवेअर असेल तर ग्राफिक्सची मदत बंद आहे. खाली मीडियाच्या भागात कोणत्या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो त्याचा तक्ताच दिलेला असतो.

आकड्यांत तुलना करायची तर स्पीडोमीटर 3 ही ब्राउझरचा वेग मोजणारी चाचणी आहे. मार्च 2024 मध्ये ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या एरवी एकमेकांच्या वाटेत उभ्या असणाऱ्या कंपन्यांनी मिळून ती चाचणी आणली, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो. पण ती मोजते मुख्यतः इंजिनाचं काम, तेही एका टॅबमध्ये. व्हिडिओ, वीस टॅबांची मेमरी, सकाळचं पहिलं उघडणं, यातलं काहीच तिच्यात उतरत नाही. दोन सिस्टिमची तुलना करणार असाल तर ब्राउझरची आवृत्ती एकच ठेवा, एक्स्टेन्शन्स बंद करा, पडद्याचं स्केलिंग (मजकूर-चित्रं किती मोठी दिसावीत ते) सारखं ठेवा, कारण लिनक्सवर 125 किंवा 150 टक्के स्केलिंग कधी कधी चिपला दुप्पट कामाला लावतं. आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच मोजा. बॅटरीवर तिन्ही सिस्टिम आपापल्या हिशोबाने प्रोसेसरचा लगाम खेचतात, मग आकडा ब्राउझरचा राहत नाही.